गाव नंतर ठरवा, आधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं कुटुंब, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, सोबत सत्तरीचे वडील. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस कोकणात जायचंय. बोट नको, किनाऱ्यावरूनच गळ टाकायचा. मागच्या वर्षी काशीद आणि गणपतीपुळे मिळून तीन दिवस नवाकोरा रॉड घेऊन उभे राहिले, तर एक शिंगाळा सोडून काही लागलं नाही. म्हणून आता खात्रीच्या पाच-सहा जागांची यादी हवी आहे.

यादी काय, दोन मिनिटांत देता येईल. पण मागच्या वर्षीही तुम्ही कुठलीतरी यादी बघूनच गेला असणार. तुमच्या प्रश्नातलं मला खटकलेलं वाक्य वेगळंच आहे: "नाश्ता करून दहाला जायचो, जेवायला परत यायचो." शिंगाळा का लागला आणि बाकी काही का नाही, त्याचं निम्मं उत्तर या वाक्यातच आहे. मी तीसेक वर्षं गरवतोय (आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं), त्यातली बारा वर्षं पाहुण्यांना घेऊन जातो. रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक लोक मी बरोबर जागीच उभे असलेले पाहिलेत. फक्त चुकीच्या वेळी.

तेव्हा आधी वेळेचं बोलू, मग जागेचं.

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. हे गणित किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला तोंडपाठ असतं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी सगळं पाऊण-पाऊण तास पुढे सरकतं. हा अंदाज मुंबईच्या बाजूला जास्त बरोबर बसतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती त्याच्या आधीच येते, म्हणून एक तास हाताशी ठेवून जागेवर पोचा. मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते दाखवणारी अ‍ॅपही आहेत, ती जरूर वापरा. पण सुट्टीची तारीख ठरवताना कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब करण्याची सोय दुसऱ्या कशात नाही.

आता हे कशाला? तर मासा पाणी हलत असताना खातो. भरती पूर्ण झाली किंवा ओहोटी तळाला टेकली की पाणी अर्धा-पाऊण तास थबकतं, आणि तेव्हा तुमचं आमिष खेकडे कुरतडत बसतात. त्यात उजेडाचाही हिशेब आहे. मोठा मासा पहाटे आणि तिन्हीसांजेला काठाजवळ येतो. म्हणजे ज्या दिवशी चालतं पाणी आणि अर्धवट उजेड एकत्र येतात, तो दिवस आपला. डिसेंबर अखेरीस आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहापर्यंत मावळतो. एकादशीच्या आसपास सकाळी सहा ते आठ भरतीचे शेवटचे दोन तास मिळतात आणि संध्याकाळीही तसंच. सप्तमी-अष्टमीला उजाडता उजाडता ओहोटी सुरू होते. तुमच्या दहा ते एकच्या वेळात मात्र, तिथी कुठलीही असली तरी, ऊन डोक्यावर असतं. त्या वेळी तळाला पडून असलेला शिंगाळाच भेटणार, तो बिचारा काहीही खातो.

उधाण आणि भांग हे दोन शब्दही लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस पाण्याची सगळ्यात मोठी चढउतार होते, ते उधाण. अष्टमी-नवमीला सगळ्यात कमी, तो भांग. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याच्या बाजूला दोन-सव्वादोन मीटर. दक्षिणेकडे जावं तसा फरक कमी होत जातो आणि पाणीही निवळतं. रायगडच्या किनाऱ्यावर गाळ मोठा, चढउतार मोठी, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा गढूळ. तिथे चकचकीत लुअर, म्हणजे नकली मासा, फिरवून उपयोग होत नाही, वासावर येणाऱ्या माशाला आमिषच लागतं. तुम्ही काशीदला दीड हजारांचे पॉपर (पाण्यावर फिरवायचे लुअर) फेकलेत असं लिहिलंय, म्हणून सांगतो. पॉपर चांगलेच असतील, पाणी त्यांचं नव्हतं.

आता जागा. माझा नियम असा की गाव निवडायचं नाही, खाडीचं तोंड निवडायचं. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी आमच्याकडे खाडी होऊन समुद्राला मिळते: बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटण, तळाशीलला गड नदी, देवबागला कर्ली. अशा तोंडाशी दोन-तीन किलोमीटरच्या आत तुम्हाला वाळू मिळते, कातळ मिळतो, खारफुटीचा काठ मिळतो आणि बहुधा एखादी जेटीही. वारा फिरला, लाट वाढली, मुलं कंटाळली, तर दहा मिनिटांत जागा बदलता येते. पाच दिवसांच्या सुट्टीत याला फार किंमत आहे. नुसती लांबलचक पुळण (वाळूचा किनारा) असलेल्या गावात खोली घेतलीत आणि समुद्र खवळला, तर पाचही दिवस भेळच खायची.

खाडीच्या तोंडाशी मासा कुठे असतो, ते एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. तळाशीलच्या टोकाला, ओहोटी लागून तासभर झाला की खाडीचं पाणी बाहेर पडतं. ते चहाच्या रंगाचं, आणि समोरचं समुद्राचं हिरवट. दोन्ही मिळतात तिथे एक रेघ दिसते, तिच्यावर फेस, खारफुटीची पानं, काटक्या तरंगत असतात. खाडीतून बारीक कोळंबी आणि बोयीची पिल्लं त्या पाण्याबरोबर वाहत येतात, आणि रेघेच्या हिरव्या बाजूला, जिथे ओढ कमी आहे तिथे, मोठा मासा तोंड वर करून उभा असतो. मध्येच बोयींचा थवा पंख्यासारखा पसरून पाण्याबाहेर उडतो. खालून कोणीतरी धावून आलं, एवढाच त्याचा अर्थ. एकदा एक पाहुणे सगळा जोर लावून साठ मीटर लांब फेकत होते. दर वेळी गरी रेघेच्या पलीकडे, रिकाम्या पाण्यात. मी त्यांना मागे घेतलं, पंधरा मीटरवर रेघेच्या काठाला आमिष सोडायला लावलं आणि ते वाहू दिलं. तिसऱ्या खेपेला दीड किलोची तांबोशी. फेकण्याच्या ताकदीचा आणि माशाचा संबंध फार थोडा असतो.

तुमच्या गोतावळ्यासाठी मी तीन ठिकाणं तोलून बघितली.

पहिलं तोंडवली-तळाशील. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. समुद्रावर वारा असेल तर पाठ फिरवून खाडीकडे तोंड करायचं, इतकं सोपं. वडिलांना माडाखाली सावली, मुलांना वाळू. मालवण गाडीने जवळ, म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींना दिवसभर गळाकडे बघत बसायची शिक्षा नको. पुण्याहून लांब आहे हे कबूल, एक अख्खा दिवस प्रवासात जातो, आणि पाच दिवसांत येऊन-जाऊन दोन गेले तर उरले तीन.

दुसरं पूर्णगड. याची शिफारस कमी लोक करतात, मला मात्र शिकाऊ माणसासाठी ही जागा फार आवडते. कारण इथे किल्ल्यावरून खाडीचं तोंड नकाशासारखं दिसतं. पहिल्या दिवशी गळ खोलीवरच ठेवा, ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन किल्ल्यावर चढा, लहानसाच आहे. तटावरून वाळूचा दांडा कुठे आहे, लाट कुठे फुटते, कुठे न फुटता गडद पट्टा आत शिरतो, हे फोनमध्ये टिपून घ्या. तो गडद पट्टा म्हणजे खोल चर, माशाचा येण्या-जाण्याचा रस्ता. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही कुठे उभं राहायचं ते आपोआप ठरतं. समोर गावखडीची पुळण आहे. तिथे थंडीत कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री टॉर्च पाडत फिरू नका.

तिसरं रत्नागिरी शहर धरून भाट्याची खाडी. सोयीला उत्तम: दवाखाना, औषधं, गळाचं सामान, ताजी कोळंबी, सगळं हाताशी. राजिवड्याच्या बाजूला पहाटे स्थानिक पोरं गरवताना दिसतील, त्यांच्यापासून बऱ्यापैकी अंतर ठेवून उभं राहा आणि बघा. पुलावरून गळ टाकायचा मोह होईल. मुलं बरोबर असताना नको, मागून गाड्या धावत असतात आणि उलटा फेकलेला गळ कोणाच्याही तोंडाला लागू शकतो. मिरकरवाडा बंदरातही नको. ट्रॉलर, तेल, दोरखंड यांत गरी अडकण्याखेरीज काही घडत नाही.

देवबाग मुद्दाम मागे ठेवलंय. कर्लीचं तोंड गरवायला सुरेखच आहे, पण नाताळच्या आठवड्यात नऊ वाजल्यापासून पर्यटकांच्या बोटी आणि वॉटर स्कूटरने ते पाणी घुसळून निघतं. गेलात तर उजाडताना जा आणि आठला गाशा गुंडाळा. मालवणात आणखी एक पथ्य: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. सगळं मिळून सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्यात मासेमारीला बंदी आहे. किल्ला बघायला जा, रॉड खोलीवर ठेवून.

तीनपैकी निवडायचंच झालं, तर तुमच्या जागी मी पूर्णगड किंवा भाट्ये धरेन आणि एकाच ठिकाणाहून दोन्ही करेन. दोन्हींत अंतर गाडीने तासाभराचंही नाही. तळाशील पुढच्या वेळी, सात-आठ दिवस काढाल तेव्हा.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. डिसेंबर हा जिताड्याचा महिना नव्हे. त्याचा जोर पाऊस ओसरताना असतो, सप्टेंबरपासून पुढे दोनेक महिने, जेव्हा खाडीत अजून गोडं पाणी मिसळलेलं असतं. थंडीत तो सुस्तावतो, लागला तर नशीब. पण डिसेंबरला पाणी निवळलेलं असतं, त्यामुळे कातळाच्या कडेला गोबरा, तांबोशी, कोकर यांची शक्यता बरी, आणि तुमचे ते पॉपर इथे कामाला येतील. पुढे कधी मे अखेर किंवा जूनमध्ये यायचा बेत केलात, तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद असते. काठावरून गळ टाकायला तो नियम आडवा येत नसला तरी त्या दिवसांत समुद्राजवळ उभं राहायचं कारण नाही.

मुलांसाठी वेगळी योजना करा. त्यांना मोठा मासा नको असतो, सतत काहीतरी लागायला हवं असतं. पुळणीवर भरती चढत असताना, गुडघाभर पाण्यापुढच्या पहिल्या चरीत मुडदुशी असते. बोटभर ते वीतभर लांबीचा, चंदेरी, वाळूत तोंड खुपसून खाणारा मासा. त्याला सगळ्यात बारीक गरी, वीसेक ग्रॅमचं शिसं आणि नखाएवढा सोललेल्या कोळंबीचा तुकडा. पंधरा-वीस पावलांवर टाकलं तरी पुरे. टुक टुक असा हलका ठोका बसतो, की उचलायचं. तुमच्या नऊ वर्षांच्या लेकाला तासात चार-पाच लागल्या तर तो पुढच्या वर्षी स्वतःच कॅलेंडर घेऊन तुमच्या मागे लागेल. आणि तव्यावर तांदळाच्या पिठात कुरकुरीत केलेली मुडदुशी सुरमईला ऐकत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

वाऱ्याचं गणित शाळेत शिकलेलंच आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाट दबलेली असते, फेक लांब जाते. अकरा-बारानंतर खारा वारा उलटा सुटतो, दोरा धनुष्यासारखा फुगतो, ठोका कळत नाही. म्हणून हिवाळ्यात सकाळचं सत्र खरं. संध्याकाळी वारा पडला तर बोनस समजा.

आता धोक्याचं, कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय. पंचविशीत हेदवीजवळच्या एका कातळावर अर्ध्या भरतीला गेलो. मासा लागत होता, मागे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा येताना जिथून घोट्याएवढ्या पाण्यातून चाललो होतो तिथे छातीएवढं पाणी आणि लाटा. उरलेली भरती तीन तास, मग तेवढीच ओहोटी होईपर्यंत आणखी तीन तास, असे सहा तास टेबलाएवढ्या दगडावर बसलो. प्यायला पाणी नव्हतं, आणि धरलेले मासे उन्हात खराब झाले. (तिथली बामणघळ भरतीच्या वेळी बघण्यासारखी आहे, लांबून.) तेव्हापासून कातळावर पाय ठेवायच्या आधी पंधरा मिनिटं नुसता उभा राहून लाट बघतो. दहा-वीस लाटांनंतर एखादी दांडगी येते, ती कुठवर पोचली ते बघायचं आणि त्याच्याही मागे उभं राहायचं. दगड ओला आणि काळा-हिरवा दिसला तर तिथे लाट येते आणि शेवाळही आहे. मुलांना आणि वडिलांना कातळावर नेऊच नका. पायात जाड तळाचे बूट हवेत, कालवांची धार चप्पल कापून तळव्यात शिरते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचे अंदाज आणि इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री ते बघा. इशारा असेल तर खाडीचा आतला काठ धरा.

धरलेल्या माशांपैकी तिघांना हात लावू देऊ नका. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांवर काटा असतो. पाकटाच्या शेपटीवर काटा असतो. यांचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय किंवा हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टर गाठा. तिसरा केंड. तो फुग्यासारखा फुगतो म्हणून मुलं हमखास उचलतात. त्याचे दात गरी तोडतात, बोटाचं सांगायला नको. त्याच्या अंगात विष असतं, खायचा विचारही नको.

सामानाबद्दल तुम्ही बरंच विचारलंय, पण तुमचा नऊ फुटी रॉड आणि चार हजार नंबरचं रील दोन्ही ठीक आहेत. नवं काही घेऊ नका. फक्त पुण्याहून बर्फातली कोळंबी आणू नका. पहाटे जेटीवर किंवा बाजारात मिळणारी ताजी, बारीक, सालासकट कोळंबी घ्या, आणि चार तारल्या. पागणारा, म्हणजे फेकजाळं टाकणारा, कोणी भेटला तर त्याच्याकडून दोन-चार जिवंत बोयी विकत मागा, तांबोशीला त्याच्याइतकं दुसरं आमिष नाही.

आणि गावात विचारताना "मासे कुठे मिळतात?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी हात लांब करून "तिकडे" असंच मिळतं. "बोय सकाळची कुठल्या बाजूला दिसते?" असं विचारा. माणूस थांबतो, तुमच्याकडे नीट बघतो आणि खरं सांगतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्यांच्या वेढ्यात गळ टाकायचा नाही, दोराला हात लावायचा. मुलांना तर सुट्टीतला सगळ्यात चांगला तासभर तोच वाटेल, आणि निघताना बहुधा कोणीतरी पिशवीत चार बांगडे टाकतं. जे खायचं तेवढंच ठेवा, बारीक पिल्लं सोडून द्या. राज्याने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. मी मोजपट्टी नसली तर वीत वापरतो आणि शंका आली की सोडतो.

तर आता तारखा नक्की करण्याआधी त्या आठवड्यातल्या तिथी मांडा. अष्टमी ते द्वादशी पडत असेल तर डोळे मिटून खोली घ्या. पौर्णिमा किंवा अमावास्या मधोमध येत असेल तर सकाळी उजाडताना पाणी तळातून नुकतं चढायला लागलेलं असेल. अशा वेळी पहिले दोन दिवस पुळणीवर मुलांबरोबर मुडदुशी, आणि तोंडाशी उभं राहायचं ते सकाळी आठ-साडेआठच्या पुढे, भरती जोर धरते तेव्हा. ऊन असेल, पण पाणी चालतं असेल.

वडिलांसाठी घडीची खुर्ची आणि एक हातदोरी न्या. रॉड नको, नुसता दोरा, शिसं आणि गरी, बोटावर धरायची. खाडीच्या आतल्या काठावर बसून काळुंदर त्यांनाच आधी लागेल, कारण ते एका जागी बसतील.